भाव कोण ठरवतं? जागतिक विषमता आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्राच्या वर्गात आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांकडून जे प्रश्न दरवर्षी फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शिकवणं वऱ्हाडात चालतं, त्यामुळे उदाहरणं कापसाची जास्त. त्याला इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर या विषयाला कापसाइतकं नेमकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

'ग्लोबल साउथ' म्हणजे नेमके कोणते देश? नकाशात तर ऑस्ट्रेलिया सगळ्यांत खाली आहे.

नकाशातल्या दक्षिणेशी या शब्दाचं नातं लांबचं आहे. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, आपले एल. के. झा त्या आयोगाचे सदस्य होते. त्या अहवालामुळे जगाच्या नकाशावरची एक रेघ गाजली. ती मेक्सिकोच्या वरून निघते, भूमध्य समुद्र ओलांडते, चीनला खाली ठेवत जपानला वर घेते आणि मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला श्रीमंतांत धरण्यासाठी चक्क खाली गोता मारते.

त्याआधी 'तिसरं जग' हा शब्द रूढ होता. तो १९५२ मध्ये फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड सोव्ही यांनी वापरात आणला. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच्या तिसऱ्या वर्गासारखं, म्हणजे संख्येने मोठं पण कुणी न विचारणारं जग, असा त्यात अर्थ होता. 'तिसऱ्या क्रमांकाचं जग' हा अर्थ लोकांनी नंतर चिकटवला.

यादी हवीच असेल तर १९६४ मध्ये जिनिव्हाला तयार झालेल्या विकसनशील देशांच्या 'गट ७७' कडे पाहा. आज त्यात १३४ देश आहेत, नाव मात्र तेच. कतारही त्यात आहे आणि बुर्किना फासोही. एकाच छत्रीखाली इतके वेगळे खिसे आहेत म्हटल्यावर या गटात एकमत होणं किती अवघड, याची कल्पना यावी.

जगातली विषमता वाढतेय की कमी होतेय? वर्तमानपत्रात दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही खरं असू शकतं. मोजणार काय, ते आधी ठरवा. विषमतेचे अभ्यासक ब्रँको मिलानोविच यांनी ही गाठ चांगली सोडवली आहे. एक पद्धत अशी: प्रत्येक देशाला एक मत. चीनही एक, चाडही एक. दुसरी पद्धत लोकसंख्येच्या वजनाची. तिच्यात चीन आणि भारताची सरासरी वर सरकली की जगाचं चित्र लगेच सुधारतं, मग मध्य आफ्रिकेत काहीही होवो. तिसरी पद्धत सरळ माणसं मोजते, देशांच्या भिंती काढून.

दुसऱ्या पद्धतीने पाहिलं तर १९८० नंतर देशादेशांतलं अंतर घटलं. पण बऱ्याच देशांच्या आतली दरी रुंदावली. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून २ टक्के.

एक सावधगिरी. अमेरिकेचं दरडोई उत्पन्न ८० हजार डॉलरच्या वर आणि बुर्किना फासोचं हजार डॉलरच्या आसपास, हे आकडे बाजारातल्या विनिमयदराचे आहेत. गावात दाढी करायला जे पैसे लागतात त्यात न्यूयॉर्कला न्हाव्याच्या खुर्चीतही बसता येणार नाही. म्हणून क्रयशक्तीच्या हिशेबाने आकडे सुधारून घेतात. सुधारल्यावर दरी अरुंद होते, बुजत नाही. आणि दाढी स्वस्त असली तरी कच्चं तेल, यंत्रं आणि कर्जाचे हप्ते डॉलरमध्येच मोजावे लागतात, हे विसरायचं नाही.

हा अर्थशास्त्राचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात कशाला?

कापूस विकायला घेऊन गेलेल्या माणसाला हे विचारू नका. व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतून मूठभर कापूस काढतो, रुई चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो, ओल आहे का म्हणून तळव्यात दाबतो आणि एक आकडा बोलतो. शेतकरी म्हणतो, कालच्यापेक्षा शंभर कमी कसे? उत्तर ठरलेलं: "वरूनच भाव पडला."

हे 'वर' म्हणजे कुठे? न्यूयॉर्कचा वायदेबाजार आणि जगातला कापसाचा भाव सांगणारा लिव्हरपूलचा कॉटलुक निर्देशांक. त्या भावामागे अमेरिकेचा शेती कायदा असतो, चीनने किती साठा करून ठेवला ते असतं, जागतिक व्यापार संघटनेचा एखादा अर्धवट राहिलेला करार असतो. म्हणजे सरकारांनी घेतलेले निर्णय आणि सरकारांत झालेल्या तडजोडी. हेच आंतरराष्ट्रीय राजकारण. भाव हा बाजाराचा आणि नियम राजकारणाचा, अशी वाटणी पुस्तकात सोयीची असते, बाजार समितीच्या आवारात ती टिकत नाही.

वास्तववाद विषमतेबद्दल काय म्हणतो?

थोडक्यात: "मग?" वास्तववाद्यांच्या मते जगाला पोलीस ठाणं नाही. देशांच्या वर कोणी नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं बळ आपणच सांभाळायचं. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये याला माणसाच्या सत्तेच्या ओढीचा आधार दिला. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये माणसाचा स्वभाव बाजूला ठेवून जगाच्या या रचनेवरच बोट ठेवलं. बळ असमान वाटलेलं आहे, म्हणून फायदेही असमान वाटले जाणार. यात त्यांना खटकण्यासारखं काही नाही.

मुलं इथे नाक मुरडतात, पण जरा थांबा. गरीब देशांच्या मागण्या फसल्या का, याचं खणखणीत उत्तर या घराण्यातल्याच एकाने दिलंय. १ मे १९७४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 'नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थे'चा जाहीरनामा मंजूर केला. कच्च्या मालाला वाजवी भाव, बहुराष्ट्रीय कंपन्यांवर अंकुश, तंत्रज्ञानाचं हस्तांतर अशा त्यात मागण्या होत्या. तेल विकणाऱ्या देशांच्या ओपेक संघटनेने नुकतेच तेलाचे भाव चढवले होते, त्यामुळे गरीब देशांना बळ चढलं होतं. स्टीफन क्रॅस्नर यांनी १९८५ मध्ये म्हटलं की या देशांना नुसता पैसा नको होता, त्यांना नियम ठरवणाऱ्या खुर्च्या हव्या होत्या. कारण दुबळ्या देशाला बाजाराचा प्रत्येक झटका थेट बसतो. खुर्ची मागितली म्हटल्यावर ती कोण सोडणार? १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, आणि जाहीरनाम्याची भाषा करणारी राजधान्यांची रांग कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभी राहिली.

आणि उदारमतवाद?

उदारमतवादी म्हणतात, व्यापार हा दोघांच्याही फायद्याचा असतो आणि संस्था उभ्या केल्या तर बळ थोडं तरी वेसणीत येतं. रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७ मध्ये परस्परावलंबनाची मांडणी केली. तिच्यात एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक उत्तरपत्रिकांत सुटते. परस्परावलंबन समसमान नसतं, आणि ज्याचं समोरच्यावाचून कमी अडतं त्याच्या हाती सत्ता येते. म्हणजे उदारमतवादी भोळे आहेत, हा आरोप निदान या दोघांवर करता येत नाही.

अवलंबित्व सिद्धांत सोप्या भाषेत सांगाल?

सुरुवात राउल प्रेबिश यांच्यापासून करायला हवी, कारण ते आधी क्रांतिकारक नव्हते, बँकर होते. १९३५ ते १९४३ ते अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते. महामंदीत गहू आणि गोमांसाचे भाव कोसळले, तेव्हा ब्रिटनने आपली बाजारपेठ मिटून घ्यायला सुरुवात केली. १९३३ मध्ये अर्जेंटिनाला लंडनला जाऊन नाक घासून करार करावा लागला. त्या शिष्टमंडळात प्रेबिश होते. पुस्तकात वाचलेला मुक्त व्यापार आणि लंडनच्या टेबलावरचा व्यापार यांतला फरक त्यांनी स्वतः पाहिला.

पुढे चिलीतल्या सँटियागोच्या, संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगात त्यांनी १९४९-५० मध्ये सिद्धांत मांडला. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ हान्स सिंगर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले, म्हणून दोघांची नावं जोडून घेतात. म्हणणं असं: कच्चा माल विकून यंत्रं विकत घेणाऱ्या देशाचा सौदा दीर्घकाळात पडता राहतो. कारणं दोन. माणसाचा पगार दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट भात खात नाही, मोबाइल मात्र दुप्पट किमतीचा घेतो. आणि कारखान्यात उत्पादकता वाढली तर तिथल्या संघटित कामगाराचा पगार आणि मालकाचा नफा वाढतो. शेतात उत्पादकता वाढली तर भाव पडतो आणि फायदा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो. ज्या वर्षी बोंडं भरघोस लागतात त्याच वर्षी भाव का मरतो, हे वऱ्हाडात समजावून सांगावं लागत नाही.

प्रेबिश यांनी श्रीमंत देशांना 'केंद्र' आणि बाकीच्यांना 'परिघ' म्हटलं. त्यांचा उपाय मवाळ होता: आयात होणारा माल देशातच बनवा, त्यासाठी काही काळ संरक्षण द्या. पुढची पिढी कडक निघाली. आंद्रे गुंडर फ्रांक यांनी १९६६ मध्ये म्हटलं की हे देश मागे 'राहिलेले' नाहीत, त्यांना मागे 'पाडलेलं' आहे. केंद्राचा विकास आणि परिघाचा अविकास हे एकाच जात्याचे दोन दगड. गयानाच्या वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ मध्ये हेच आफ्रिकेबद्दल लिहिलं. इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७४ पासून याला पाचशे वर्षांचा पट दिला आणि मधली एक पायरी घातली, 'निमपरिघ'. फर्नांडो हेन्रिक कार्दोसो यांनी मात्र तेव्हाच सांगितलं होतं की अवलंबून राहूनही एक प्रकारचा विकास होऊ शकतो. पुढे तेच १९९५ ते २००३ ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या एका उत्तरात ब्राझीलचं काम पडणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत हेच सांगत नाही का? मग तो पाठ्यपुस्तकात या प्रकरणात का नाही?

बरंचसं हेच सांगतो, आणि जवळजवळ ऐंशी वर्षं आधी. दादाभाईंनी १८६७ मध्ये लंडनला पहिली मांडणी केली आणि १९०१ मध्ये ग्रंथरूपाने. फरक आहे तो यंत्रणेचा. दादाभाईंची गळती राजसत्तेतून होते: इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार-पेन्शन, लंडनचे खर्च, मोबदल्याविना जाणारी निर्यात. प्रेबिशची गळती राजसत्ता गेल्यावरही चालू राहते, भावातून.

आणि दादाभाईही पहिले नाहीत. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'अ हिंदू' या टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रज राज्यात देश कसा पिळला जातोय ते मांडलं. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये हाच विचार मराठीत पुस्तकरूपाने आणला. संपादक भाऊ महाजनही त्यांच्या बरोबरीचे. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारणाचा इतिहास सँटियागोपासून सुरू होतो असं शिकवणाऱ्यांना ही तीन नावं सांगून बघा. मुंबईत मराठी माणसाने हे लिहिलं तेव्हा मार्क्सचं भांडवलावरचं पुस्तक यायला पंचवीस-सव्वीस वर्षं अवकाश होता.

एखादं उदाहरण पूर्ण उलगडून सांगा, ज्यावर सगळे सिद्धांत लावून बघता येतील.

कापूसच घेऊ. आधी मागे जावं लागेल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी राहिल्या. भाव चढले, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला धावला. मुंबईत शेअरचा असा उन्माद चढला की दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव घराघरात पोचलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून फोर्टात वेळ सांगतोय. वऱ्हाडात काय उरलं? ज्वारीच्या जागी कापूस आणि १८७० मध्ये खामगावला गेलेला रेल्वेचा फाटा. लोहमार्ग मुंबईकडे जाणारा, म्हणजे पर्यायाने लिव्हरपूलकडे.

आता २००१-०२. जागतिक भाव पौंडभर वजनाला ४० अमेरिकी सेंटच्या आसपास घसरला, कित्येक वर्षांतला नीचांक. नियमाने अमेरिकन शेतकऱ्याने पेरा कमी करायला हवा होता. त्याने केला नाही, कारण भाव पडला की फरक सरकार भरून देत होतं. त्या हंगामात अमेरिकेने जेमतेम पंचवीस हजार कापूस उत्पादकांसाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ओतली. जगाच्या निर्यातीत अमेरिकेचा वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. त्या भावात पश्चिम आफ्रिकेतला शेतकरी भरडला गेला, आणि विदर्भातलाही.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये, कानकूनच्या मंत्रिपरिषदेआधी, जागतिक व्यापार संघटनेत कापसासाठी स्वतंत्र प्रस्ताव ठेवला: अनुदानं टप्प्याटप्प्याने बंद करा, तोवर आम्हाला भरपाई द्या. माली आणि बुर्किनाच्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकन वर्तमानपत्रात लेख लिहून विनवलं. कानकूनची परिषद फिसकटली.

याच काळात ब्राझीलने दुसरा रस्ता धरला. २००२ मध्ये त्याने त्याच संघटनेत अमेरिकेविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. २००४ मध्ये निकाल बाजूने, २००५ मध्ये अपिलातही जीत. अमेरिकेने थोडी मलमपट्टी केली, मूळ अनुदान तसंच. शेवटी २०१० मध्ये ब्राझीलने धमकी दिली की आम्ही तुमच्या पेटंट आणि कॉपीराइटवर बदला घेऊ. तेव्हा अमेरिका वठणीवर आली. कशी? आपलं अनुदान बंद करून नव्हे. तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दरसाल १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. २०१४ मध्ये एकरकमी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. आपल्या शेतकऱ्याला पैसे देता यावेत म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले!

आता चष्मे बदलून बघा. वास्तववादी म्हणेल, पाहिलंत? निकाल सगळ्यांसाठी होता, पैसे फक्त बदला घेऊ शकणाऱ्याला मिळाले. बेनिन आणि चाड त्याच खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून बसले होते; त्यांना काही मिळालं नाही. चाडने अमेरिकन मालावर जकात लावली तर अमेरिकेत कुणाला पत्ताही लागणार नाही. उदारमतवादी म्हणेल, पण नियमच नसते तर ब्राझीलला तरी काय मिळालं असतं? अवलंबित्ववाला म्हणेल, तुम्ही दोघेही भावावर भांडताय; बुर्किना फासोत पिकणाऱ्या रुईतली अगदी थोडी तिथे सूत होते, बाकी गाठी बांधून परदेशी जाते, खरा प्रश्न तो आहे. वर्गात मी इथे थांबतो आणि मुलांना भांडू देतो.

मग दक्षिण कोरिया कसा वर आला? तोही परिघावरच होता.

अवलंबित्व सिद्धांताला हा प्रश्न सगळ्यांत जास्त बोचतो, आणि बोचायलाच हवा. १९५० च्या दशकात युद्धाने भाजलेला देश १९९६ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेत जाऊन बसला. बाजार मोकळा सोडल्यामुळे हे झालं, असं म्हणणारे अर्धंच सांगतात. सरकारने बँका हाताशी धरल्या, निर्यातीचं लक्ष्य गाठणाऱ्याला स्वस्त कर्ज दिलं, पोलाद कारखाना स्वतः काढला. लॅटिन अमेरिकेनेही संरक्षण दिलं होतं, पण काठी दाखवली नाही. तिथले कारखाने लाडावले.

पण निम्मं उत्तर वास्तववाद्यांकडे आहे. शीतयुद्धात आघाडीवरच्या देशाला अमेरिकेने मदत ओतली, आपली बाजारपेठ उघडी ठेवली. १९६५ च्या करारानंतर जपानकडून ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी कर्ज आलं. मालीच्या सीमेवर असं कुठलं युद्ध नव्हतं ज्यात वॉशिंग्टनचा जीव अडकला होता.

सीएफए फ्रँकबद्दल सारखं वाद ऐकू येतात. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या १४ देशांचं हे चलन. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रान्सने सुरू केलं, आणि आज ते युरोला बांधलेलं आहे: एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडेसुद्धा ठरलेले. बाजूने बोलणारे म्हणतात, महागाई आटोक्यात राहिली, आणि ते खरं आहे. पण कापूस विकला जातो डॉलरमध्ये. २००३ नंतर युरो वधारला तेव्हा त्याच डॉलरचे फ्रँक कमी आले. फ्रँकफर्टला, युरोच्या मध्यवर्ती बँकेत, व्याजदर ठरला आणि झळ लागली मालीच्या शेतात. उलट जानेवारी १९९४ मध्ये चलनाची किंमत एका रात्रीत निम्मी केली, तेव्हा निर्यातदाराचं फावलं आणि शहरातल्या औषधांचे भाव दुप्पट झाले. माली १९६२ मध्ये यातून बाहेर पडला होता, १९८४ मध्ये परत आला. बाहेर राहणंही सोपं नाही, एवढं त्यातून कळतं.

नाणेनिधीत एका देशाला एक मत का नाही?

कारण ती कंपनीच्या भागधारकांसारखी चालते; जितका वाटा तितकी मतं. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा. २०१० मध्ये वाट्यांत बदल ठरला, तो अमेरिकी संसदेने मंजूर करेपर्यंत २०१५ चा डिसेंबर उजाडला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला संचालक मंडळावर तिसरी खुर्ची मिळाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. शिवाय नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा आणि जागतिक बँकेचा अमेरिकेचा, हा अलिखित रिवाज आहे. २०२३ मध्ये बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा यांचा जन्म पुण्यातल्या खडकीचा, पण नेमले गेले ते अमेरिकी नागरिक म्हणून.

भारत कुठे मोडतो? केंद्र, परिघ की निमपरिघ?

वॉलरस्टीनची 'निमपरिघ' ही खोली बहुधा आपल्यासारख्यांसाठीच बांधलेली आहे. वरच्यांपुढे हात जोडायचे आणि खालच्यांपुढे मोठेपणा करायचा, दोन्ही जमतं.

कोविडची लस आठवा. २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ असेपर्यंत लशी-औषधांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क शिथिल करा. श्रीमंत देशांनी घोळ घातला. जून २०२२ मध्ये जे मिळालं ते पाणी घातलेलं दूध होतं. त्याच वेळी गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. मार्चअखेर २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि भारताने लशीची निर्यात थांबवली. एप्रिलमध्ये सीरमचे प्रमुख अमेरिकेला जाहीर विनंती करत होते की कच्च्या मालाची निर्यात मोकळी करा. म्हणजे पुणे वर अमेरिकेच्या तोंडाकडे बघत होतं आणि आफ्रिका पुण्याच्या. २०२१ संपताना आफ्रिकेत पूर्ण लसीकरण झालेले लोक दहा टक्क्यांच्या आत होते. आपण तेव्हा चुकलो का? आपल्या दारात प्रेतं जळत असताना कुठलंही सरकार वेगळं वागलं असतं असं मला वाटत नाही. पण 'ग्लोबल साउथचा आवाज' म्हणवून घेताना ते महिने आठवावेत.

कापसातही हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क चढवलं. त्याच महिन्यात आपण कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क स्थगित केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, हे खरं. वेचणीच्या तोंडावर शुल्क गेलं, हेही खरं.

देशाच्या आतही केंद्र-परिघ असतो का?

असतो, आणि मराठीत त्यासाठी आपला खास शब्द आहे: अनुशेष. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून रस्ते, सिंचन, शाळा यांत कुठला जिल्हा किती मागे आहे ते मोजलं गेलं. गडचिरोली आणि मुंबई यांच्यातलं अंतर नुसतं किलोमीटरचं नाही. मात्र एक मोठा फरक आहे: गडचिरोलीचा माणूस पासपोर्टशिवाय मुंबईला जाऊ शकतो, मालीचा पॅरिसला नाही.

श्रीमंत देश मदत देतातच की. ती कुठे जाते?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे हातावर मोजण्याइतके देश ते पाळत आलेत. अमेरिका कायम खूप खाली. गरीब घरांना खरा आधार परदेशी गेलेल्या माणसांच्या मनीऑर्डरींचा. भारतात २०२४ मध्ये असे सव्वाशे अब्ज डॉलरहून जास्त आले. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत सर्वाधिक वाटा केरळचा नव्हता, महाराष्ट्राचा होता: २०.५ टक्के.

रचनावाद इथे काही कामाचा आहे का?

थोडा. रचनावाद म्हणतो, देश एकमेकांकडे कसं बघतात यावर त्यांचं वागणं ठरतं. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये म्हटलं की अराजक, म्हणजे देशांच्या वर कोणी नसणं, हे देश त्याचं जे करतील ते. 'मागास', 'विकसनशील', 'उदयोन्मुख बाजारपेठ' ही नावं बदलली की त्या देशाशी बोलण्याची तऱ्हाही बदलते, हे रचनावाद छान दाखवतो. कापसाचा भाव का पडला, ते त्याला विचारू नका.

परीक्षेत कोणता सिद्धांत बरोबर म्हणून लिहायचा?

सगळे थोडे थोडे बरोबर, असं लिहू नका. तपासणारा अशी पाच-पन्नास उत्तरं वाचून कंटाळलेला असतो. प्रश्न बघून हत्यार निवडा. ब्राझीलला पैसे मिळाले आणि चाडला नाही, हे समजायला वास्तववाद लागतो. ब्राझीलला मुळात दाद मागता आली, यासाठी उदारमतवाद. दीडशे वर्षं तोच शेतकरी रुईच का विकतोय, यासाठी अवलंबित्व. आणि उदाहरण पुस्तकातलं नको, वर्षासकट आपलं द्या.

त्या चार आफ्रिकन देशांचं पुढे काय झालं?

२०१५ च्या डिसेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत शेतमालावरची निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं, त्यात कापूसही आला. पण मुख्य दुखणं देशांतर्गत अनुदानांचं होतं, ते तसंच राहिलं. मालीत २०२० आणि २०२१ मध्ये, बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा लष्कराने सत्ता घेतली. २००३ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या त्या दोन्ही राष्ट्राध्यक्षांना पुढे खुर्ची सोडून परागंदा व्हावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना आणि नायजर शेजाऱ्यांच्या इकोवास संघटनेतून बाहेर पडले. फ्रेंच सैन्याला त्यांनी आधीच निरोप दिला होता. सीएफए फ्रँक अजून वापरतात. कापसाचा प्रस्ताव जिनिव्हाला, व्यापार संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर, अजून आहे.